काळ्या दगडाच्या पोटातलं सोनं

(सामुदायिक रेडिओवरून प्रसारित झालेलं भाषण)



गेल्या महिन्यात आमच्या बचत गटाच्या बैठकीतली गोष्ट सांगते. एकीला मुलीच्या फीसाठी तातडीनं पैसे हवे होते. गटात तेवढी शिल्लक नव्हती. म्हणून तिनं मंगळसूत्रातल्या दोन वाट्या गहाण ठेवायचं ठरवलं. पदराची गाठ सोडून तिनं त्या तळहातावर घेतल्या आणि म्हणाली, "एवढुशा तर आहेत. पण जमवायला अकरा वर्षं लागली." शेजारी बसलेल्या आजी म्हणाल्या, "तुला अकरा वर्षं लागली गं, पण धरणीला हे जमवायला किती लागली असतील?"

सगळ्या हसल्या आणि बैठक पुढे सरकली. पण आजींचा प्रश्न माझ्या डोक्यातून जाईना. आज त्याच प्रश्नाचं उत्तर देणार आहे. उत्तर लांबचं आहे, कर्नाटकातल्या कोलारचं. पण सुरुवात आपल्या घरातूनच करू.

घराच्या कोपऱ्यात जुनं जातं पडलेलं असेल. पाटा-वरवंटा असेल, उखळ असेल. ते ज्या काळ्या दगडाचे असतात, त्याला अभ्यासक बेसाल्ट म्हणतात. आपल्या सह्याद्रीचा काळा कातळही तोच. सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी जमिनीला भेगा पडून लाव्हारस बाहेर आला, थरावर थर पसरला, थंड झाला आणि त्याचा हा दगड झाला. या दगडात निम्म्याच्या आसपास सिलिका असते, म्हणजे वाळूतला मुख्य घटक. बाकी लोह, मॅग्नेशियम, कॅल्शियम, ॲल्युमिनियम वगैरे. आणि अगदी नावाला सोनंही असतं! पण किती, तर एक टन दगडात काही मिलिग्रॅम. एवढं सोनं डोळ्यांना दिसतही नाही. तेव्हा हे ऐकून कुणी जातं फोडायला बसू नका. त्या जात्याचं मोल दळणातच आहे.

मग ज्या दगडात सोनं नावाला असतं, त्याच जातीच्या दगडातून ते वेचण्याइतकं कसं जमतं? त्यासाठी कोलारला जावं लागेल.

कोलारच्या सोन्याच्या खाणी बेंगळुरूच्या पूर्वेला सुमारे १०० किलोमीटरवर आहेत. आंध्र आणि तमिळनाडूची हद्द तिथून जवळ. आपल्याला हे नाव अगदीच परकं नाही. शहाजीराजांना विजापूरच्या आदिलशाहीकडून बेंगळुरूची जहागीर मिळाली, तिच्यात कोलारही होतं. तिथं उत्तर-दक्षिण असा काळपट दगडांचा एक चिंचोळा पट्टा आहे. लांबी सुमारे ८० किलोमीटर आणि रुंदी जेमतेम काही किलोमीटर. दोन्ही बाजूंना फिकट, पट्ट्यापट्ट्यांचे खडक आणि मध्ये ही काळी पट्टी. लुगड्याच्या काठासारखी.

ही काळी पट्टीही एके काळी लाव्हारसच होती. पण आपल्या सह्याद्रीच्या कितीतरी आधीची. तिचं वय सुमारे २७० कोटी वर्षं. तेव्हा पृथ्वीवर झाड नव्हतं, गवत नव्हतं, कसला प्राणी नव्हता. पाण्यात डोळ्यांना न दिसणारे सूक्ष्म जीव तेवढे होते. हवेत आपण घेतो तो प्राणवायू जवळजवळ नव्हताच.

त्या काळातला असा बराचसा लाव्हारस पाण्याखाली बाहेर पडला. गरम रस पाण्यात आला की त्याची बाहेरची साल लगेच आवळते आणि आत रस राहतो. मग एकावर एक रचलेल्या उशांसारखे गोळे तयार होतात. कर्नाटकातच चित्रदुर्ग जिल्ह्यात मरडीहळ्ळीला असा उशांचा दगड आजही उघड्यावर दिसतो. सरकारनं त्याला राष्ट्रीय भूवैज्ञानिक स्मारकाचा दर्जा दिला आहे. आज तिथं रखरखीत माळ आहे. पण तो दगड पाहिला की कळतं, इथं एकदा पाणी होतं.

आता पुढचा भाग स्वयंपाकघरातला आहे. पीठ, पाणी आणि आच एकत्र आली की भाकरी होते. भाकरीत पीठ तेच असतं, पण रूप बदललेलं असतं. भाकरीचं पुन्हा पीठ करता येत नाही. कोलारच्या लाव्हाच्या दगडाचंही तसंच झालं. जमिनीच्या हालचालींत तो खोल गाडला गेला. वरून दाब आणि खालून ५००-६०० अंशांची आच. दगड वितळला नाही, पण आतल्या आत शिजला. त्याचे जुने कण मोडून नवे, लांबट, चकाकणारे काळे कण तयार झाले. अशा दगडाला रूपांतरित खडक म्हणतात आणि कोलारच्या या विशिष्ट दगडाला ॲम्फिबोलाइट.

मग प्रश्न पडतो, जो दगड शिजून पुरता बदलला, तो आधी लाव्हा होता हे कळलं कसं? आणि तो किती खोलवरून आला हे कोण सांगणार?

इथं उपयोगी पडतं दगडाचं रसायनशास्त्र. नवं लुगडं पहिल्यांदा धुतलं की कच्चा रंग पाण्यात जातो आणि पक्का रंग राहतो. दगडाचंही तसंच असतं. दगड शिजताना त्यातून गरम पाणी खेळतं. सोडियम, पोटॅशियम यांसारखे घटक त्या पाण्याबरोबर इकडून तिकडे जातात. हे कच्चे रंग. पण टायटॅनियम, झिर्कोनियम आणि दुर्मिळ मृदा गटातले बरेच घटक सहसा जागा सोडत नाहीत. ते पक्के रंग. दगडाचा तुकडा दळून त्याचं पीठ करायचं, यंत्रावर हे पक्के घटक मोजायचे आणि त्यांच्या प्रमाणावरून मूळ लाव्हाचं कूळ ओळखायचं. कण बदलले तरी कूळ लपत नाही.

१९८५ साली दिल्लीच्या जवाहरलाल नेहरू विद्यापीठातले व्ही. राजामणी आणि त्यांचे अमेरिकेतले सहकारी यांनी कोलारच्या दगडांचा असा हिशेब मांडला. त्यांना त्यात दोन कुळं दिसली. एक आपल्या बेसाल्टच्या जवळचं. दुसरं कोमाटाइट नावाचं. त्यात मॅग्नेशियम भरपूर असतं. दक्षिण आफ्रिकेतल्या कोमाटी नदीवरून हे नाव १९६९ साली पडलं. कोमाटाइटचा लाव्हा साध्या लाव्हापेक्षा कितीतरी गरम, १,६०० अंशांच्या आसपासचा. आज पृथ्वीवर असा लाव्हा कुठंही बाहेर पडत नाही. म्हणजे त्या काळी पृथ्वीचं पोट आजच्यापेक्षा जास्त तापलेलं होतं.

या अभ्यासकांना आणखी एक गोष्ट दिसली. खोबरं वाटून पिळलं की पहिलं दूध दाट निघतं आणि पुन्हा पाणी घालून पिळलं की पातळ. पृथ्वीच्या पोटातला दगडही थोडाच वितळला तर निघणारा रस काही घटकांनी दाट असतो, आणि जास्त वितळला तर तेच घटक पातळ होतात. कोलारच्या कोमाटाइटवरून दिसलं की तो रस खूप खोलवर, दगडाचा थोडाच भाग वितळून निघाला होता. एवढा गरम लाव्हा निघायला दगड पुष्कळ वितळावा लागतो, असा तोवर बऱ्याच जणांचा समज होता. कोलारच्या मूठभर दगडांनी तो समज तपासायला लावला.

आणि वय? महादेवाच्या पिंडीवर गळती लावलेली असते. थेंब ठरलेल्या गतीनं पडतात. खाली किती पाणी जमलं यावरून गळती कधी लावली ते सांगता येतं. दगडातल्या युरेनियमचं असंच ठरलेल्या गतीनं शिसं होतं. त्यातला एक प्रकार निम्मा व्हायला सुमारे ४४७ कोटी वर्षं लागतात. युरेनियम किती उरलं आणि शिसं किती जमलं हे मोजलं की दगडाचं वय निघतं.

या शिशानंच आणखी एक गुपित उघडं केलं. काळ्या पट्टीच्या पूर्वेचे आणि पश्चिमेचे दगड वेगवेगळ्या कुळांतले निघाले. दोन्हीकडच्या फिकट खडकांची वयंही जुळेनात. १९८९ साली 'सायन्स' या नियतकालिकात या अभ्यासकांनी मांडलं की कोलार हा एक सांधा आहे. जमिनीचे दोन वेगवेगळे तुकडे सुमारे २५० कोटी वर्षांपूर्वी सरकत आले आणि इथं एकमेकांना जोडले गेले. गोधडीचे दोन तुकडे जिथं शिवतो, तिथं शिवणीचा धागा दिसतो. कोलारची काळी पट्टी ही तशी शिवण.

याच शिवणीत सोनं जमलं. ते असं. दगड खोलवर शिजत असताना त्यातलं पाणी सुटतं. ते अतिशय गरम असतं, त्यात गंधक असतं. गंधकाच्या साथीनं हे पाणी दगडांतलं कणाकणानं विखुरलेलं सोनं विरघळवून घेतं आणि भेगांतून वर चढतं. वाटेत लोहानं भरलेला काळा दगड भेटला की गंधक लोहाशी जोडी जमवतं. साथ सुटलेलं सोनं पाण्यात राहू शकत नाही. लिंबू पिळल्यावर दूध फाटावं तसं ते वेगळं होतं आणि पांढऱ्या गारेच्या शिरांत बसतं. जगातल्या अशा बहुतेक सोन्याच्या जागांबद्दल अभ्यासक साधारण हीच रीत सांगतात.

म्हणजे मैत्रिणींनो, आपण गटात थोडे थोडे पैसे टाकतो, तसंच हे आहे. मैलोन्‌मैल दगडांनी नखभर नखभर सोनं दिलं आणि ते एका भेगेत जमा झालं. आजींच्या प्रश्नाचं अर्धं उत्तर इथं मिळतं.

उरलेलं अर्धं उत्तर माणसांचं आहे.

कोलारचं सोनं इंग्रजांनी शोधलं असं पुष्कळ ठिकाणी लिहिलेलं असतं. ते खरं नाही. १७९९ साली श्रीरंगपट्टणला टिपू सुलतान पडला. त्यानंतर १८०२ साली जॉन वॉरन नावाचा लेफ्टनंट म्हैसूर राज्याच्या पूर्व हद्दीची मोजणी करत होता. तिथं सोनं सापडतं असं त्याच्या कानावर आलं. दाखवणाऱ्याला बक्षीस देईन, असं त्यानं जाहीर केलं. तेव्हा ऊरगामचे गावकरी मातीनं भरलेल्या गाड्या घेऊन आले आणि त्याच्यासमोर माती धुऊन सोन्याचे कण काढून दाखवले.

मारीकुप्पमला त्यानं आणखी एक गोष्ट पाहिली आणि लिहून ठेवली. पुरुष खाली खाणीत दगड फोडत. टोपल्या हातोहात वर येत. वर बाया ते दगड मोठ्या खडकावर कुटून त्यांचं पीठ करत. मग ते पीठ विहिरीजवळ नेऊन धुतलं जाई. खाणीतून फक्त दगड येई. त्यातलं सोनं हाती येई ते कुटल्या-धुतल्यावरच. आपण ज्याला बायकांचं काम म्हणतो, त्याच कामातून. त्या बायांची नावं कागदावर आली नाहीत.

आपल्या विदर्भाच्या पूर्वेलाही, भंडारा-बालाघाटच्या बाजूला, नदीनाल्यांची वाळू धुऊन सोन्याचे कण काढणारे सोनझारी लोक होते. साकोलीच्या आसपास जमिनीखाली जुने, शिजलेले लाव्हाचे दगड आहेत, हा काही निव्वळ योगायोग नव्हे.

वॉरनचा मजकूर पुढे बरीच वर्षं पडून राहिला. १८७१ साली बेंगळुरूत राहणाऱ्या मायकेल लाव्हेल या निवृत्त आयरिश सैनिकाच्या तो वाचनात आला. बैलगाडीनं तो कोलारला गेला, जागा पाहिल्या आणि दोन वर्षांनी म्हैसूर सरकारकडे खाणीची परवानगी मागितली. पण त्याचं भांडवल पुरलं नाही. १८८० साली इंग्लंडची जॉन टेलर आणि सन्स ही कंपनी उतरली आणि मग मोठं काम सुरू झालं. १९०२ साली कावेरीवरच्या शिवनसमुद्रहून सुमारे १४७ किलोमीटर तारा ओढून खाणींसाठी वीज आणली. देशातल्या कितीतरी मोठ्या शहरांच्या आधी कोलारच्या खाणीत दिवे लागले.

खाणीत उतरणारे मजूर बहुतेक तमिळ आणि तेलुगू मुलखातून आलेले, त्यांतले बरेच दलित. गावातल्या जमीनदाराच्या दारातून सुटका होईल म्हणून ते आले. चॅम्पियन रीफ नावाची खाण खोल खोल जात ३ किलोमीटरच्याही खाली गेली. तिथला दगड हाताला चटका देई, कारण त्याचं तापमान ६० अंशांच्या वर असे. वरच्या दाबानं कधी कधी दगड बंदुकीसारखा फुटे. गारेची बारीक धूळ छातीत बसून सिलिकोसिस होई, आणि हा आजार बरा होत नाही. वर आल्यावर कुणी सोनं लपवलं नाही ना म्हणून अंगझडती. १९३० साली कंपनीनं बोटांचे ठसे घेऊन प्रत्येक मजुराची नोंद करायचं ठरवलं. आम्ही काय चोर आहोत का, असं म्हणत हजारो मजुरांनी तीन आठवडे संप केला आणि कंपनीला माघार घ्यावी लागली.

आणि दगड कुटणाऱ्या बाया कुठं गेल्या? कुटायला यंत्रं आली. १९५२ च्या खाण कायद्यानं देशभर बायकांना जमिनीखाली काम करायला मनाई केली. काही अटींवर ती परवानगी मिळाली थेट २०१९ साली. कोलारच्या चाळींत बायांच्या वाट्याला मात्र दुसरं काम आलंच. खोकणाऱ्या नवऱ्याची शुश्रूषा, आणि भोंगा अवेळी वाजला की दारात उभं राहणं.

आता थोडा हिशेब करू. गटाच्या वहीतला करतो तसाच. कोलारला सुमारे १२० वर्षांत ५ कोटी टनांच्या वर दगड काढला गेला आणि त्यातून सुमारे ८०० टन सोनं मिळालं. म्हणजे सरासरी एका टनाला १६ ग्रॅम. एक ग्रॅम सोन्यासाठी ६० किलोंपेक्षा जास्त दगड, धान्याच्या मोठ्या पोत्याएवढं वजन. पण ही झाली सरासरी. सुरुवातीला दगड समृद्ध होता. शेवटी शेवटी टनामागे ३-४ ग्रॅमच मिळू लागलं. म्हणजे एका ग्रॅमसाठी अडीच-तीन क्विंटल दगड, तोही ३ किलोमीटर खोलून वर आणलेला. १० ग्रॅमच्या एका तोळ्याला एक ट्रॅक्टरची ट्रॉली. सोन्याच्या किमतीत खर्च निघेना. २८ फेब्रुवारी २००१ रोजी सरकारी कंपनीनं खाणी बंद केल्या.

सोनं गेलं, दगडाचं पीठ राहिलं. दगड कुटून, सायनाइड या विषारी द्रव्यानं सोनं काढून घेतल्यावर उरलेला गाळ गावाशेजारी टाकत गेले. त्याचे डोंगर झाले, तीन कोटी टनांच्या वर. लोक त्यांना सायनाइडचे डोंगर म्हणतात. सायनाइड उन्हावाऱ्यात हळूहळू कमी होतं, पण बारीक भुकटी तशीच राहते. वारा सुटला की ती घराघरांत शिरते, वाळत घातलेल्या कपड्यांवर बसते, झाकण नसलेल्या पाण्यात पडते. खाणी बंद झाल्यावर काम उरलं नाही. कितीतरी बाया आणि पुरुष आजही पहाटेची गाडी पकडून बेंगळुरूला कामाला जातात आणि रात्री परततात. ज्यांच्या गावातून ८०० टन सोनं निघालं, त्यांची ही रोजची वाट आहे.

मैत्रिणींनो, मला सोन्याविरुद्ध काही बोलायचं नाही. अडीअडचणीला नवऱ्याच्या नावावरची जमीन आपल्या कामी येत नाही, गळ्यातलं सोनंच येतं, हे आपण सगळ्या जाणतो. म्हणूनच त्याची खरी किंमत कळलेली बरी. सोनाराकडे किंवा बँकेत तारण ठेवाल तेव्हा वजन डोळ्यांसमोर करून घ्या आणि पावती वाचून घ्या. एकेक गुंजेमागे किलो-किलो दगड आहे, हे लक्षात असू द्या.

आणखी एक. सोनं गंजत नाही, कुजत नाही. आजीची पाटली मोडून आईची बोरमाळ होते, बोरमाळ आटवून लेकीच्या वाट्या होतात. आटवताना जुनं-नवं, इथलं-तिथलं सगळं एक होतं. आपल्या गळ्यातल्या मण्यात कोलारचा एखादा कण असेलही. कुणाला ओळखता येणार नाही.

बैठकीतल्या त्या मैत्रिणीनं वाट्या गहाण ठेवल्या आणि मुलीची फी भरली. पुढच्या बैठकीत मी आजींना त्यांच्या प्रश्नाचं उत्तर दिलं. म्हटलं, "आजी, कोलारचं सोनं धरणीनं सुमारे २५० कोटी वर्षांपूर्वी जमवून ठेवलं." आजींनी थोडा वेळ विचार केला. मग त्या मैत्रिणीकडे बघून म्हणाल्या, "मग सोडवून आण गं लवकर."